ती गुलाबी फीत सकाळी कोठे होती?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात इंग्रजी विषय घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यांचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. अमेरिकन साहित्याच्या पेपरला नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राउन’, ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेइल’ आणि ‘द बर्थमार्क’ ह्या तीन कथा नेमल्या आहेत. पहिल्या कथेत तरुण ब्राउन बायको फेथला घरी ठेवून एका रात्री जंगलात सैतानाला भेटायला जातो आणि तेथे चेटक्यांच्या सभेत गावातली माणसे, फेथसुद्धा, आल्याचे त्याला दिसते. त्यांच्याजवळच्या गाइडमध्ये प्रत्येक वस्तूसमोर तिचा अर्थ छापलेला आहे: फेथ म्हणजे श्रद्धा, जंगल म्हणजे पाप, गुलाबी फीत म्हणजे निष्पापपणा, नागासारखी काठी म्हणजे सैतान. सेमिनारमध्ये त्यांनी विचारले, “ब्राउनला हे सगळे स्वप्न पडले असेल, तर बिचाऱ्या फेथचा काय दोष?” त्यावर “फेथ ही बाई नाही, ते प्रतीक आहे, पेपरात असले काही लिहू नका,” असे उत्तर मिळाले. त्या विचारतात: कथेचा खरा अर्थ कोणता? ख्रिस्ती संस्कार नसलेल्या आणि इंग्रजी कच्चे असलेल्या मुलीला हॉथॉर्न कधी कळेल का? लघुप्रबंधासाठी तो सोडून ओ. हेन्रीसारखा सोपा लेखक घ्यावा का?

उत्तर:

सेमिनारमध्ये तुम्ही विचारलेला प्रश्न योग्य होता, हे आधी सांगते. मी बरीच वर्षे ह्या कथा वर्गात शिकवल्या आहेत, आणि पहिल्याच वाचनात फेथच्या बाजूने विचार करणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले. तुमच्या पत्रातील ज्या वाक्यात तुम्ही त्या प्रश्नाबद्दल जवळजवळ माफी मागितली आहे, ते वाक्य वाचून मला वाईट वाटले, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

कथेला एक खरा अर्थ असतो, तो जाणकारांना ठाऊक असतो आणि आपण तो मिळवून लक्षात ठेवायचा असतो, असे तुम्ही धरून चालला आहात. ह्यामागे आपली वाचनाची एक जुनी आणि चांगली सवय आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र येते, मग चक्रधरस्वामींचा दृष्टान्त येतो आणि शेवटी तो दृष्टान्त कशाला लावायचा हे सांगणारे दार्ष्टान्तिक येते. अशा परंपरेत वाढलेला वाचक कोणतीही बोधकथा वाचून झाली की दार्ष्टान्तिकाची वाट पाहतो आणि ते मिळाले नाही की आपल्याच समजण्यात काही कमी राहिले, असे त्याला वाटते. हॉथॉर्नने ‘ब्लॅक व्हेइल’च्या शीर्षकाखाली ‘अ पॅरेबल’, म्हणजे दृष्टान्तकथा, असे स्वतः छापले. दृष्टान्त त्याने पुरता सांगितला, दार्ष्टान्तिक मात्र दिले नाही. ती रिकामी जागा त्याने जाणून ठेवलेली आहे आणि तुमचे गाइड ती स्वतःच्या शब्दांनी भरून टाकते.

गाइडवर अन्याय करू नये. फेथ हे नाव तिला शोभणारे होते, असे निवेदक पहिल्याच परिच्छेदात सांगतो, म्हणजे नावाकडे लक्ष द्या ही सूचना लेखकाचीच आहे. जंगलात भेटलेला सोबती “तुला उशीर झाला” म्हणतो, तेव्हा ब्राउन उत्तर देतो, “फेथने मला जरा अडवून धरले.” ह्या वाक्याला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही हवे आहेत. मात्र गाइड ह्यांतला एकच ठेवते आणि दाराशी उभी राहून नवऱ्याला हाक मारणारी, वाऱ्यावर टोपीच्या फिती भुरभुरणारी बायको पुसून टाकते. ह्या बाबतीत मराठी वाचकाला एक सोय आहे, जी मूळ इंग्रजी वाचकाच्याही लक्षात सहसा येत नाही. आपल्याकडे श्रद्धा हे मुलीचे सर्रास ठेवले जाणारे नाव आहे. तुमच्या वर्गातही एखादी श्रद्धा असेल. तिच्या नावाचा अर्थ आपल्याला कळतो आणि ती एक मुलगी आहे, तिला भूक लागते, तिला परीक्षेची भीती वाटते, हेही कळते. ब्राउनचा जंगलातला आक्रोश मराठीत “माझी श्रद्धा गेली!” असा करून पाहा. नाव, भाव आणि ‘गेली’ ह्या क्रियापदातले गमावणे, सोडून जाणे, मरणे हे सगळे त्या तीन शब्दांत एकत्र येते. मग सांगा, ती बाई की प्रतीक, ह्या दोहोंतून एक निवडायची गरज कोठे उरते?

आता त्या फितीकडे या, कारण माझे म्हणणे तिथे हाताला लागते. रात्री ब्राउन काय पाहतो आणि काय नुसते ऐकतो, हे पेन्सिलने वेगवेगळे खुणावा. चर्चचे पदाधिकारी डीकन गुकिन आणि गावचे धर्मोपदेशक घोड्यांवरून जात असल्याचे त्याला ऐकू येते. तो आळीपाळीने वाकून आणि टाचा उंचावून बघतो, पण त्याला सावलीसुद्धा दिसत नाही. पुढे एक काळा ढग वाहत जातो, त्यातून गावकऱ्यांचे आवाज येतात, आणि मग काहीतरी हलकेच तरंगत खाली येऊन फांदीला अडकते. तो ते पकडतो तर ती गुलाबी फीत निघते. त्या रात्रीतला हातात आलेला हा एकच पुरावा आहे, आणि तो मिळताच ब्राउन ओरडतो की पृथ्वीवर चांगले असे काही उरलेले नाही. सभेत पोचल्यावर निवेदक म्हणतो, एकतर एकाएकी उसळलेल्या उजेडाने त्याचे डोळे दिपले असतील, नाहीतर सेलम ह्या आपल्या गावच्या चर्चमधले वीसेक सभासद त्याने ओळखले. हा ‘एकतर–नाहीतर’ विसरू नका. शेवटी तो फेथला “वर आकाशाकडे पाहा” म्हणून हाक मारतो. तिने ऐकले की नाही, हे त्याला कळत नाही. त्याच क्षणी तो शांत रात्रीत एकटाच उभा असतो, आणि मघाशी जळत असलेल्या डहाळीवरून त्याच्या गालावर गारेगार दव पडते.

सकाळी तो गावात परततो, तेव्हा फेथ डोके बाहेर काढून काळजीने वाट पाहत असते, आणि तिच्या टोपीला गुलाबी फिती असतात.

माझे काही विद्यार्थी इथे आनंदाने म्हणत, “म्हणजे स्वप्नच होते, सिद्ध झाले!” त्यांना मी मजकूर पुन्हा वाचायला सांगत असे. जंगलात सापडली ती एक फीत. टोपीला संध्याकाळीही अनेक होत्या आणि सकाळीही अनेक आहेत. एक कमी झाली होती का, हे ब्राउनने मोजले नाही आणि निवेदकाने सांगितले नाही. ब्राउनला जंगलात झोप लागून चेटक्यांच्या सभेचे भलते स्वप्न पडले असेल का, असा प्रश्न निवेदक स्वतःच विचारतो आणि “तुम्हाला हवे तर तसे समजा” एवढेच म्हणून पुढे जातो. वाचकापुढे एकाहून अधिक शक्यता मांडून ठेवण्याच्या हॉथॉर्नच्या ह्या पद्धतीला एफ. ओ. मॅथिसन ह्या समीक्षकाने 1941 मधील आपल्या ‘अमेरिकन रेनेसान्स’ ह्या ग्रंथात ‘बहुपर्यायी’ पद्धत म्हटले आहे. म्हणून “खरा अर्थ कोणता” ह्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, रात्री काय घडले हे कथा ठरवू देत नाही, पण ते ठरवून टाकणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, हे ती नि:संदिग्धपणे सांगते. आनंदाने रस्त्यावर धावत आलेल्या बायकोच्या तोंडाकडे तो कठोर आणि उदास नजरेने बघतो आणि शब्दही न बोलता पुढे जातो. लहान मुलीला धर्माचे धडे देणाऱ्या म्हाताऱ्या गुडी क्लॉइसच्या हातून तो ती मुलगी हिसकावून घेतो. आयुष्यभर मध्यरात्री दचकून उठून तो फेथपासून अंग आखडून घेतो. त्याच्या प्रेतयात्रेत म्हातारी झालेली फेथ चालते, मुले-नातवंडे चालतात, आणि थडग्यावर आशेची एक ओळही कोरली जात नाही.

एका फितीवरून त्याने एका जिवंत बाईचा अर्थ कायमचा लावून टाकला. “फेथ ही बाई नाही” हे वाक्य सेमिनारमध्ये उच्चारले जाण्यापूर्वी ब्राउन तसाच जगला होता. तुमच्या प्रश्नाचे मोल मला ह्यामुळे इतके वाटते.

ख्रिस्ती संस्कारांबद्दल. जन्माने मिळालेले संस्कार इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमधील प्युरिटन ह्या कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक हे आजच्या बहुतेक ख्रिस्ती वाचकांनाही परकेच आहेत. लागते ती माहिती एका पानात मावते. कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, असे ते मानत. शेजारी बसून प्रार्थना करणारा माणूस खरोखर निवडलेला आहे की ढोंगी, हे बाहेरून खात्रीने कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तरी त्याची पारख करत राहणे हा सामाजिक जीवनाचा भाग होता. 1692 मध्ये सेलममध्ये ह्या संशयाने न्यायालयात प्रवेश केला. चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिले गेले आणि जबाब देण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धाचा दगडांखाली दाबून जीव घेतला गेला. ह्या खटल्यांत आरोपीची छायाकृती आपल्याला छळताना दिसली, अशी साक्ष पुरावा म्हणून धरली जाई. सैतान निरपराध माणसाचे रूप घेऊ शकतो की नाही, हा त्या काळचा खराखुरा वादाचा मुद्दा होता. आता जंगलातल्या त्या ‘आकृत्या’ पुन्हा वाचा. ब्राउन रात्री जे करतो ते त्या न्यायाधीशांनी दिवसाढवळ्या केले. डेव्हिड लेव्हिन ह्या अभ्यासकाने 1962 मध्ये ह्याच धाग्यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळाला तर जरूर वाचा, पण कथा दोनदा वाचून झाल्यावर.

हॉथॉर्नसाठी हा इतिहास घरातला होता. तो 4 जुलै 1804 रोजी सेलममध्येच जन्मला. त्याचे पूर्वज जॉन हॅथॉर्न 1692 च्या त्या खटल्यांतले एक दंडाधिकारी होते. जॉनचे वडील विल्यम ह्यांनी क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथातल्या एका स्त्रीला चाबकाने मारण्याचा हुकूम दिला होता. कथेतला सैतानी सोबती ब्राउनला सांगतो की, तुझ्या आजोबांनी क्वेकर बाईला सेलमच्या रस्त्यांतून फटके मारले तेव्हा मी मदतीला होतो, आणि तुझ्या बापाने इंडियनांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, गाव पेटवले तेव्हा पलिता माझ्याच चुलीवर पेटवलेला होता. स्वतःच्या घराण्याची पापे लेखक सैतानाच्या तोंडून वाचून दाखवतो! कथेत गुडी क्लॉइस, गुडी कोरी, मार्था कॅरियर ही नावे येतात, तीही 1692 च्या आरोपींची आहेत. मार्था कोरी आणि मार्था कॅरियर ह्यांना फाशी झाली होती. निरपराध असूनही फाशी गेलेल्या बायका ब्राउनच्या रात्रीत चेटकिणी म्हणून वावरतात, एवढ्या एका गोष्टीनेसुद्धा त्या रात्रीवर किती विश्वास ठेवायचा, असा प्रश्न पडायला हवा.

इंग्रजीची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. 1835 साली ‘न्यू-इंग्लंड मॅगझिन’मध्ये छापलेली ही भाषा तेव्हाही थोडी मुद्दाम जुनी केलेली होती. ‘गुडमन’ हा चांगुलपणाचा दाखला नाही; सामान्य गृहस्थाच्या नावामागे लावायचे ते संबोधन आहे, आणि ‘गुडी’ हे ‘गुडवाइफ’चे आखूड रूप, साधारण आपल्या ‘अमक्याच्या घरच्या काकू’सारखे. ‘ब्लॅक व्हेइल’मधल्या धर्मोपदेशकाने तोंडावर घेतलेले क्रेप हे सुतकात वापरायचे काळे कापड, हे ठाऊक नसेल, तर गाव एवढे का घाबरले ते कळणारच नाही. असे शब्द अडले की नोआ वेबस्टरचा 1828 चा कोश इंटरनेटवर फुकट मिळतो, तो उघडावा. तो हॉथॉर्नच्याच काळाचा आहे. कथा प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या संकेतस्थळावर फुकट आहेत: ‘ब्राउन’ आणि ‘बर्थमार्क’ ‘मॉसेस फ्रॉम अॅन ओल्ड मॅन्स’ ह्या संग्रहात, ‘ब्लॅक व्हेइल’ ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’मध्ये. पहिल्या वाचनात कोश दूर ठेवून शेवटापर्यंत जा. दुसऱ्या वाचनात जिथे ‘जणू’, ‘कदाचित’, ‘असे दिसले’, ‘काहींचे म्हणणे’ अशा अर्थाचे शब्द येतील, त्या प्रत्येकाखाली रेघ ओढा. नागासारखी काठी वळवळताना दिसते, त्याच्या पुढच्याच वाक्यात हा अंधुक उजेडाने झालेला दृष्टिभ्रम असणार, असे म्हटलेले आहे. अशा जागा तुम्हाला पानापानावर सापडतील. नंतर फितीचा तो एक परिच्छेद स्वतःच्या मराठीत उतरवा. भाषांतर करताना कोणताही शब्द अंदाजाने ओलांडता येत नाही. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे हे साधन नाही, तुमच्याकडे आहे.

परीक्षेविषयी स्पष्ट बोलते. गुण हवेत, शिष्यवृत्ती किंवा नोकरी त्यावर अवलंबून असेल, तर गाइड फेकून द्या असा सल्ला मी देणार नाही. उत्तराच्या सुरुवातीला रूपकात्मक वाचन तीन-चार वाक्यांत नीट मांडा. ते खोटे नाही, अपुरे आहे. त्यानंतर फेथच्या नावावरचा श्लेष, ‘एकतर–नाहीतर’चे वाक्य, सकाळच्या फिती, अशा तीन जागा कथेतून दाखवा आणि त्या रूपकाला कशा पुरून उरतात ते लिहा. “मला असे वाटते” ह्याने वाक्य सुरू करू नका. “कथेत असे म्हटले आहे” ह्याने करा. तपासणाऱ्याला तुमचे मत पटो वा न पटो, मजकुरातला दाखला त्याला नाकारता येणार नाही. सेमिनारमधल्या शिक्षकांकडेही एकदा तासानंतर जा आणि तक्रार म्हणून नव्हे, तर कथेतल्या त्या तीन जागा पुढे ठेवून विचारा. पुष्कळदा अभ्यासक्रम संपवायच्या घाईत तुटक उत्तर दिले जाते, आणि तोच शिक्षक निवांत वेळी मजकुरावर मनापासून बोलतो.

मतभेदाची भीतीही बाळगू नका, कारण ह्या लेखकाबद्दल त्याच्या हयातीतच मोठमोठ्या लेखकांचे जुळले नाही. एडगर अॅलन पो ह्याने 1842 मध्ये त्याच्या कथांची थोरवी गायिली आणि 1847 मध्ये मात्र रूपकाच्या बाजूने धड एक शब्द बोलण्याजोगा नाही, असे म्हणून त्याच्या रूपकप्रेमावर टीका केली. 1850 मध्ये हर्मन मेलव्हिलने लिहिले की, शीर्षकावरून ‘ब्राउन’ ही मुलांसाठी लिहिलेली साधी गोष्ट वाटते, पण ती इटालियन महाकवी दान्तेइतकी खोल आहे.

ओ. हेन्रीबद्दल थोडक्यात. त्याच्या कथांचा शेवट लवकर कळतो, म्हणून तो सोपा वाटतो. त्याचे इंग्रजी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या न्यू यॉर्कच्या बोलीने आणि शब्दखेळांनी भरलेले आहे आणि भाषेच्या दृष्टीने तुम्हाला हॉथॉर्नपेक्षा अधिक छळेल. तो तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर अवश्य घ्या. केवळ भीतीपोटी घेऊ नका, एवढेच म्हणते.

माझ्या मते तुमचा लघुप्रबंध तुमच्या सेमिनारमधल्या प्रश्नातच आहे. नेमलेल्या तिन्ही कथांत एक खूण आहे: फीत, बुरखा, गालावरचा डाग. तिन्हींत कोणीतरी त्या खुणेचा अर्थ लावतो आणि तिन्हींत एक बाई जवळ उभी आहे. ‘बर्थमार्क’मध्ये जॉर्जियानाच्या डाव्या गालावर चिमुकल्या हातासारखा डाग आहे, तिच्यावर भाळलेल्यांना तो परीच्या हाताचा ठसा वाटतो, काही चोखंदळ बायकांना सौंदर्य बिघडवणारा रक्ताळ पंजा वाटतो, आणि तिचा शास्त्रज्ञ नवरा एल्मर तो मर्त्यपणाची खूण समजून काढायला जातो, त्यात तिचा जीव जातो. ‘ब्लॅक व्हेइल’मध्ये सगळे गाव काळ्या कापडात पाप बघत असताना, बुरखा घेणाऱ्या धर्मोपदेशक हूपरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ त्याच्यासमोर बसून सांगते की, ह्या क्रेपच्या तुकड्यात भयंकर असे काही नाही, फक्त मला नेहमी पाहावासा वाटणारा चेहरा त्याने झाकला आहे. पुढे तीही थरथरते, “एकदाच बुरखा उचलून माझ्याकडे बघ,” म्हणते, आणि तो नाही म्हणतो. तरी त्याच्या मरणशय्येपाशी शुश्रूषेला तीच असते. फेथला तर कोणी काही विचारतच नाही. रात्री ती कोठे होती हा एक साधा प्रश्न ब्राउनने आयुष्यात तिला विचारल्याचे कथेत कोठेही नाही.

मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वी ह्या तीन बायकांची प्रत्येकी बोललेली वाक्ये एका वहीत उतरवून काढा, डाव्या पानावर मूळ इंग्रजी आणि उजव्या पानावर तुमची मराठी. फेथची वाक्ये सगळ्यांत कमी भरतील आणि बहुतेक सगळी पहिल्या पानावरची असतील. संध्याकाळी नवऱ्याच्या कानाशी ओठ नेऊन ती विनवते, आजची रात्र घरीच थांब, एकट्या बाईला अशी स्वप्ने आणि असे विचार छळतात की तिला कधी कधी स्वतःचीच भीती वाटते. स्वप्नांचे नाव कथेत पहिल्यांदा तिने काढले आहे. सुरुवात तिथून करा.